भाजलेल्या रुग्णाच्या रक्तात बुरशी: कँडिडेमियाच्या उपचारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः बर्न्स वॉर्डात आणि आयसीयूमध्ये काम करणारे निवासी डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठी आहे. शेवटचे काही प्रश्न नातेवाइकांचे आहेत. वेगळे सांगितले नसेल तिथे डोस प्रौढ रुग्णाचे आहेत. यकृत, मूत्रपिंड, चालू असलेली इतर औषधे आणि रुग्णालयाचे स्वतःचे कल्चर रिपोर्ट पाहून ते बदलू शकतात, त्यामुळे अंतिम निर्णय रुग्णाजवळ असलेल्या डॉक्टरांचाच.

रक्तात बुरशी म्हणजे नक्की काय?

बहुतेक वेळा ती कँडिडा असते. कँडिडा हे यीस्ट (एकपेशी बुरशी) आपल्या आतड्यात आणि त्वचेवर एरवीही असते आणि काही त्रास देत नाही. ते रक्तात शिरले की त्याला कँडिडेमिया म्हणतात. रक्तासोबत ते डोळ्याचा पडदा, हृदयाच्या झडपा, मूत्रपिंड, यकृत, मणके असे कुठेही जाऊन बसू शकते. ॲस्परजिलस आणि म्युकर या तंतूवाल्या बुरश्या जखमेत खोलवर पसरतात, पण रक्ताच्या कल्चरमध्ये क्वचितच उगवतात. त्यांचा प्रश्न खाली वेगळा घेतला आहे.

भाजलेल्यांनाच हे एवढे का होते?

कारणे एकावर एक चढत जातात. त्वचेची भिंत गेलेली असते. मोठ्या भाजण्यात आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडून तिथले जंतू रक्तात झिरपतात. जीवाणूंच्या संसर्गासाठी मेरोपेनेमसारखी अँटिबायोटिक्स आठवडाभर चालली की आतड्यातले जीवाणू मरतात आणि कँडिडाला रान मोकळे मिळते. त्यात सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), लघवीची नळी, व्हेंटिलेटर, डायलिसिस, शिरेतून पोषण. शरीराचा ३०-४० टक्क्यांहून अधिक भाग भाजलेला, श्वासमार्ग भाजलेला आणि मृत कातडी अजून काढलेली नाही, अशा रुग्णात धोका सर्वांत जास्त. हा संसर्ग पहिल्या दोन-चार दिवसांत सहसा दिसत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून पुढे तो डोके वर काढतो, म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा रुग्ण शॉकमधून सावरला म्हणून सगळे थोडे निर्धास्त झालेले असतात.

ताप तर प्रत्येक भाजलेल्या रुग्णाला असतो. मग शंका कधी घ्यायची?

बरोबर आहे. मोठ्या भाजण्यात शरीराचे तापमान ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते, नाडी १०० च्या वर असते आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. त्यामुळे सेप्सिसचे नेहमीचे निकष इथे लागू पडत नाहीत. अमेरिकन बर्न असोसिएशनने २००७ मध्ये भाजलेल्यांसाठी वेगळे निकष दिले. प्रौढांमध्ये तापमान ३९ च्या वर किंवा ३६.५ च्या खाली, नाडी ११० च्या वर चढत जाणे, श्वास मिनिटाला २५ च्या वर, सुरुवातीचे तीन दिवस उलटल्यावरही प्लेटलेट एक लाखाच्या खाली, आधी मधुमेह नसताना साखर २०० च्या वर, आणि २४ तासांहून जास्त काळ राइल्स ट्यूबचे (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचे) फीड न पचणे. यातले तीन दिसले की सेप्सिसचा शोध सुरू करा.

रोजच्या कामात सर्वांत उपयोगी पडणारे लक्षण म्हणजे बदल. काल फीड पचत होते, आज पोट फुगले. काल इन्शुलिन तासाला दोन युनिट पुरत होते, आज सहा लागतात. चार दिवस योग्य अँटिबायोटिक चालू असूनही प्लेटलेट उतरताहेत. अशा वेळी आणखी एक अँटिबायोटिक जोडण्याआधी बुरशीचा विचार व्हायला हवा. प्रोकॅल्सिटोनिन (रक्तातला संसर्गाचा मार्कर) कँडिडेमियात फारसे चढत नाही, म्हणून ते कमी आले तरी निर्धास्त होऊ नका.

ब्लड कल्चर कसे आणि किती घ्यायचे?

इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या रक्ताच्या प्रमाणात होतात. कँडिडेमिया असतानाही कल्चर निम्म्या वेळाच पॉझिटिव्ह येते. बाटलीत ३ मिली रक्त टाकले तर तेवढीही शक्यता उरत नाही. प्रौढात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, दोन ते तीन सेट (एका सेटमध्ये दोन बाटल्या), एकूण ४० ते ६० मिली रक्त हवे. लहान मुलांत वजनाप्रमाणे कमी.

शक्य असेल तिथे न भाजलेल्या त्वचेतून शीर टोचा. दोन टक्के क्लोरहेक्सिडिन आणि ७० टक्के अल्कोहोलच्या द्रावणाने ३० सेकंद घासा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या त्वचेत सुई घातली तर घासण्याचा उपयोग नाही. सेंट्रल लाइन असेल तर एक सेट लाइनमधून आणि एक शिरेतून, दोन्ही एकाच वेळी आणि सारख्याच प्रमाणात घ्या. बाटलीवर जागा आणि वेळ लिहा. लाइनची बाटली दोन तास आधी पॉझिटिव्ह आली तर दोष लाइनचा, हा निकष जीवाणूंसाठी चांगला आहे. कँडिडाबाबत तितका भरवशाचा नाही. बाटल्या पाच दिवस मशीनमध्ये राहू द्या. बहुतेक कँडिडा दोन-तीन दिवसांत उगवतात, ग्लाब्राटा या जातीला जास्त वेळ लागतो.

लॅबमधून फोन आला: 'बडिंग यीस्ट दिसतेय.' आता काय करायचे?

पहिला डोस त्याच तासात. जातीचे नाव कळेपर्यंत थांबायचे नाही. नाव यायला एक ते तीन दिवस जातात आणि तेवढ्या उशिराची किंमत मोठी असते. क्रम असा ठेवा:

१. पुन्हा एक सेट कल्चर, पण त्यासाठी औषध लांबवू नका.
२. एकायनोकँडिन गटातल्या बुरशीविरोधी औषधाचा (कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन किंवा ॲनिड्युलाफंजिन) पहिला डोस.
३. सेंट्रल लाइन, आर्टेरियल लाइन, डायलिसिस कॅथेटर आणि जुन्या आयव्हीच्या जागा यांची यादी करा. कोणती आज निघेल ते ठरवा.
४. सगळी ड्रेसिंग उघडून जखमा पाहा. 'उद्याच्या ड्रेसिंगला बघू' चालणार नाही.
५. लॅबला सांगा की जात आणि औषध-संवेदनशीलता दोन्ही हवीत. 'कँडिडा स्पीशीज' एवढ्या रिपोर्टवर उपचार पुढे नेता येत नाहीत.
६. नेत्रतज्ज्ञांना कळवा.

रुग्ण शॉकमध्ये असेल, धोक्याची कारणे भरपूर असतील आणि दुसरे कारण सापडत नसेल, तर कल्चरची वाट न पाहता औषध सुरू करणे योग्य. मात्र चार-पाच दिवसांनी सुधारणा नाही आणि कल्चर, मार्कर सगळे निगेटिव्ह असतील तर ते थांबवण्याचे धाडसही हवे.

एकाच बाटलीत आले आहे. कंटॅमिनेशन (नमुना घेताना बाहेरून मिसळलेले) असेल का?

नाही. रक्तातली कँडिडा कधीही कंटॅमिनेशन मानायची नसते. एक बाटली, एकदाच, रुग्णाला ताप नाही, तरीही उपचार करायचे.

आणि थुंकीत, लघवीत किंवा जखमेच्या स्वॅबमध्ये कँडिडा आली तर?

तो रक्तातला संसर्ग नव्हे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या थुंकीत कँडिडा बऱ्याचदा सापडते. तिच्यासाठी औषध देऊ नका. लघवीत आली तर आधी नळी बदला किंवा काढा. जखमेच्या वरवरच्या स्वॅबने तिथे कँडिडा वास्तव्याला आहे एवढेच कळते. मात्र थुंकी, लघवी आणि जखम अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी ती असेल, तर रक्तात उतरण्याचा धोका वाढलेला आहे हे लक्षात ठेवून कल्चरचा उंबरठा खाली आणा.

बीटा-डी-ग्लुकन तपासणी करावी का?

ही बुरशीच्या पेशीभित्तीतला घटक रक्तात शोधणारी तपासणी. करता येते, पण भाजलेल्यात ती फसवते. कापसाचे गॉज, अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन आणि डायलिसिसचे सेल्युलोज फिल्टर या सगळ्यांमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येते, आणि आपला रुग्ण तर गॉजमध्येच गुंडाळलेला असतो. निगेटिव्ह आली तर ती कामाची. पॉझिटिव्ह आली म्हणून केवळ तेवढ्यावर औषध सुरू करू नये.

सुरुवात कोणत्या औषधाने आणि किती डोसने?

एकायनोकँडिनने. नेहमी वापरली जाणारी औषधे तीन आहेत आणि परिणामात फारसा फरक नाही.

कॅस्पोफंजिन पहिल्या दिवशी ७० मिग्रॅ, नंतर रोज ५० मिग्रॅ, एका तासात. ते सलाइनमध्येच मिसळायचे. डेक्स्ट्रोजमध्ये ते टिकत नाही. मायकाफंजिन रोज १०० मिग्रॅ, लोडिंग (पहिला मोठा डोस) नाही, सलाइन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज दोन्ही चालतात. व्हायल जोरात हलवू नका, फेस येतो, हलकेच फिरवा. ॲनिड्युलाफंजिन पहिल्या दिवशी २०० मिग्रॅ, नंतर १०० मिग्रॅ. त्याचा वेग मिनिटाला १.१ मिग्रॅच्या वर नेला तर अंगावर लाली येते, रक्तदाब पडतो. म्हणजे २०० मिग्रॅला तीन तास लागणारच.

फ्लुकोनॅझोलने सुरुवात फक्त स्थिर रुग्णात, आधी अझोल गटाचे (फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल) औषध घेतलेले नसताना, आणि युनिटमध्ये प्रतिकारक जाती दुर्मीळ असतील तेव्हाच. डोस पहिल्या दिवशी किलोमागे १२ मिग्रॅ, साधारण ८०० मिग्रॅ, नंतर रोज ४०० मिग्रॅ. तासाला २०० मिग्रॅहून वेगाने देऊ नये. ८०० मिग्रॅ म्हणजे १०० मिलीच्या चार बाटल्या आणि चार तास. लोडिंग डोस विसरणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. तो चुकला तर रक्तातली पातळी पुरेशी व्हायला जवळपास आठवडा जातो.

फ्लुकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल दोन्हींमुळे मिडाझोलाम आणि फेंटानिल ही गुंगीची आणि वेदनाशामक औषधे शरीरात साठतात. ड्रेसिंगच्या वेळी नेहमीचाच डोस दिला आणि रुग्ण तासनतास जागा होईना, तर आधी इथे पाहा. ऑन्डान्सेट्रॉन किंवा क्विनोलोन सोबत असेल तर ईसीजीवर क्यूटी मोजा.

भाजलेल्या रुग्णात नेहमीचा डोस पुरतो का?

नेहमी नाही. पहिले ४८ तास उलटल्यावर चयापचय भडकतो, मूत्रपिंडातून औषध वेगाने बाहेर पडते, शरीरात पाणी जास्त असल्याने औषध पातळ होते, आणि काही भाग जखमेच्या स्रावातूनही जातो. एकायनोकँडिन बहुतांशी प्रथिनांना चिकटून असतात, आणि इथे अल्ब्युमिन २ च्या आसपास आलेले. परिणामी तीच मात्रा दिली तरी रक्तातली पातळी कमी भरते. म्हणून मोठ्या भाजण्यात, विशेषतः वजनदार रुग्णात, मायकाफंजिन १५० ते २०० मिग्रॅपर्यंत नेले जाते. क्रिएटिनिन ०.५ आले म्हणून 'किडनी नॉर्मल' एवढेच म्हणून पुढे जाऊ नका. त्यात वाढलेला निचराही लपलेला असू शकतो.

व्होरिकोनॅझोल देत असाल तर रक्तातली पातळी तपासायलाच हवी: पुढच्या डोसच्या आधीचे रक्त, लक्ष्य साधारण १ ते ५.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली. भाजलेल्यात ती पातळी एका रुग्णापासून दुसऱ्यापर्यंत आणि एकाच रुग्णात आठवड्यागणिक बदलते.

ॲम्फोटेरिसिन कधी वापरायचे? आणि ते मिसळताना काय सांभाळायचे?

एकायनोकँडिन मिळत नसेल, त्याला जात प्रतिकारक असेल, रक्त साफ होत नसेल, किंवा संसर्ग डोळ्यात, मेंदूत, हृदयाच्या झडपेत असेल तेव्हा. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनचा डोस किलोमागे ३ ते ५ मिग्रॅ.

साठ किलोच्या रुग्णाला किलोमागे ३ मिग्रॅ म्हणजे १८० मिग्रॅ; ५० मिग्रॅच्या चार व्हायल उघडाव्या लागतात. प्रत्येकीत १२ मिली स्टराइल वॉटर घालून ३० सेकंद जोरात हलवा, म्हणजे १ मिलीत ४ मिग्रॅ होते. त्यातले ४५ मिली घेऊन सोबतच्या ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून १३५ मिली ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये सोडा. दोन तासांत द्या. सलाइन या औषधाजवळही येता कामा नये, कारण त्यात ते फाटते. आधी त्याच लाइनमधून सलाइन गेले असेल तर डेक्स्ट्रोजने धुऊन घ्या. ब्रँडप्रमाणे मिसळण्याची पद्धत थोडी बदलते, म्हणून डब्यातला कागद वाचा.

साधे ॲम्फोटेरिसिन, म्हणजे डिऑक्सिकोलेट, हे वेगळे औषध समजा. त्याचा डोस किलोमागे ०.५ ते १ मिग्रॅ, १.५ च्या वर कधीही नाही. लायपोसोमलचा डोस चुकून साध्याचा म्हणून गेला तर रुग्ण दगावू शकतो. म्हणून ऑर्डर लिहिताना नुसते 'ॲम्फो बी' लिहू नका, पूर्ण नाव लिहा, आणि देताना दोन सिस्टरनी व्हायल वाचून खात्री करा. साधे ॲम्फोटेरिसिन ४ ते ६ तासांत, १ मिलीत ०.१ मिग्रॅ एवढे पातळ करून द्यायचे. पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन रोज. आधी ५०० मिली ते १ लिटर सलाइन दिल्याने मूत्रपिंड वाचायला मदत होते, पण रुग्णाचे सोडियम आधीच चढलेले असेल तर विचार करून.

सेंट्रल लाइन काढायलाच हवी का? दुसरी घालायला जागाच नाही.

हा प्रश्न खरा आहे. गळा भाजलेला, जांघेत ड्रेसिंग, हातांना पट्ट्या. अशा रुग्णाची चालू लाइन काढायला कोणाचे मन होत नाही. तरीही काढावी. प्लास्टिकवर कँडिडाचा चिकट थर बसतो आणि त्यात औषध पुरेसे शिरत नाही. औषध बरोबर, डोस बरोबर, तरी रोज रक्तात बुरशी उतरत राहते, याचे बहुतेक वेळा कारण तीच लाइन असते.

गाइडवायरवरून लाइन बदलू नका; तार त्याच दूषित वाटेने जाते. नवी लाइन नव्या जागी, अल्ट्रासाउंड वापरून, शक्यतो न भाजलेल्या त्वचेतून आणि जखमेपासून दूर. रुग्ण स्थिर असेल तर एक-दोन दिवस साध्या आयव्हीवर काढून मग नवी लाइन घाला. आर्टेरियल लाइन विसरू नका. ती 'फक्त बीपीसाठी' असते म्हणून यादीतून सुटते.

आता एक गोष्ट, जी पट्टीखाली लपते. आठवड्यापूर्वी काढलेल्या आयव्हीच्या जागची शीर पिकलेली असू शकते. भाजलेल्यात लाली, दुखणे ही लक्षणे बहुतेक वेळा नसतातच. पट्टी पूर्ण उघडा, जुन्या टोचलेल्या जागेपासून वर शिरेवरून बोट फिरवा. दोरीसारखी कडक लागली तर वरून खाली, टोचलेल्या जागेकडे दाबत आणा. कधी पूचा थेंब बाहेर येतो. शंका असेल तर भूल देऊन तिथे शीर उघडून पाहा. आत पू किंवा सडलेली गाठ असेल तर नुसते औषध पुरत नाही. चांगली, रक्त वाहणारी शीर लागेपर्यंत तेवढा तुकडा काढून टाकावा लागतो आणि जखम उघडी ठेवावी लागते. कल्चर साफ होत नसलेल्या प्रत्येक रुग्णात, जिथे जिथे आधी सुई गेली आहे ती प्रत्येक जागा अशी पाहिली पाहिजे.

डोळे का तपासायचे? रुग्णाची काही तक्रार नाही.

व्हेंटिलेटरवरचा रुग्ण तक्रार करूच शकत नाही. कँडिडा डोळ्याच्या पडद्यावर पांढरे ठिपके करते आणि उशीर झाला तर दृष्टी जाते. बाहुली मोठी करून तपासणी पहिल्या आठवड्यात व्हावी. चेहरा भाजलेला असेल तर पापण्या सुजून मिटलेल्या असतात. नेत्रतज्ज्ञांना आधी कळवा म्हणजे ते रिट्रॅक्टर घेऊन येतील, किंवा ग्राफ्टिंगसाठी (जखमेवर त्वचा लावण्यासाठी) ओटीत भूल दिलेली असतानाच तपासणी उरकता येते. हे महत्त्वाचे अशासाठीही की एकायनोकँडिन डोळ्यात, मेंदूत आणि लघवीत पुरेसे पोहोचत नाहीत. डोळ्यात संसर्ग सापडला तर औषध बदलते आणि उपचार किमान चार ते सहा आठवडे चालतात. दृष्टीच्या मध्यबिंदूजवळ असेल तर डोळ्यात इंजेक्शनही लागते.

उपचार किती दिवस?

पहिले निगेटिव्ह कल्चर ज्या दिवशी घेतले, त्या दिवसापासून १४ दिवस, आणि लक्षणेही गेलेली हवीत. औषध सुरू केल्याच्या दिवसापासून मोजायचे नाही. म्हणून कल्चर रोज किंवा दिवसाआड घ्या, नाहीतर मोजायला सुरुवातच सापडत नाही. पाच-सात दिवसांनी रुग्ण स्थिर, रक्त साफ, जात फ्लुकोनॅझोलला संवेदनशील असेल तर त्यावर उतरता येते. आतडे चालत असेल तर राइल्स ट्यूबमधून दिलेले फ्लुकोनॅझोल जवळजवळ पूर्ण शोषले जाते. पोट फुगलेले असेल तर शिरेतूनच द्या.

पाच दिवस झाले, कल्चर अजून पॉझिटिव्ह. औषध बदलू का?

आधी ठिकाण शोधा. लाइन गेली का? तिच्या जागच्या मोठ्या शिरेत गाठ आहे का, डॉपलर करा. हृदयाचा एको करा, शक्य असल्यास अन्ननलिकेतून. पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी. पिकलेल्या शिरा. न काढलेली मृत कातडी. हे सगळे पाहून झाल्यावर डोस अपुरा आहे का आणि जात प्रतिकारक आहे का ते पाहा. या क्रमाने गेलात तर बहुतेक वेळा उत्तर पहिल्या भागातच मिळते.

जातीचे नाव आल्यावर काय बदलते?

भारतीय आयसीयूंमध्ये ट्रॉपिकॅलिस भरपूर सापडते. ती बहुधा फ्लुकोनॅझोलला बधते, पण प्रतिकार वाढतो आहे, म्हणून रिपोर्ट पाहिल्याशिवाय उतरू नका. क्रुसाय फ्लुकोनॅझोलला मुळातच प्रतिकारक. ग्लाब्राटाला फ्लुकोनॅझोल द्यायचेच तर मोठा डोस लागतो. पॅराप्सिलोसिस लाइन, शिरेतले पोषण आणि कर्मचाऱ्यांचे हात यांच्याशी जोडलेली असते. एकायनोकँडिनचा तिच्यावरचा जोर थोडा कमी, पण रुग्ण सुधारत असेल तर बदलायची गरज नाही.

एक सापळा: 'यीस्ट' म्हणजे कँडिडाच असे नाही. ट्रायकोस्पोरॉन आणि क्रिप्टोकॉकस यांच्यावर एकायनोकँडिन चालत नाहीत. ट्रायकोस्पोरॉनला व्होरिकोनॅझोल लागते.

कँडिडा ऑरिस आली आहे. वॉर्डात काय करायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या यादीत तिला सर्वांत गंभीर गटात ठेवले आहे. २००९ मध्ये जपानमध्ये तिचे प्रथम वर्णन झाले आणि २०१३ मध्ये दिल्लीतल्या रुग्णालयांमधून तिच्या साथीची नोंद आली. ती बहुतेक वेळा फ्लुकोनॅझोलला प्रतिकारक असते. जुन्या व्हायटेक २ मशीनवर ती 'हेम्युलोनाय' या दुसऱ्या जातीच्या नावाने येते. तसा रिपोर्ट आला तर माल्डी-टॉफ या जात ओळखणाऱ्या मशीनवर खात्री करून घ्या. औषध एकायनोकँडिन, रक्त साफ झाले नाही तर लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन किलोमागे ५ मिग्रॅ.

ती त्वचेवर महिनोन्‌महिने आणि पृष्ठभागांवर आठवडे टिकते. रुग्ण वेगळ्या खोलीत, गाऊन-ग्लोव्हज, बीपीचा पट्टा, थर्मामीटर आणि स्टेथोस्कोप त्याच्याच नावाचे. क्वाटर्नरी अमोनियमच्या नेहमीच्या फिनाइलसदृश द्रावणांवर विसंबू नका. क्लोरीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. किमान १००० पीपीएम क्लोरीनसाठी ५ टक्के हायपोक्लोराइटचे २० मिली घेऊन पाण्याने १ लिटर करा. द्रावण रोज ताजे करा आणि आधी घाण पुसून काढा, कारण रक्त-पू असला की क्लोरीन वाया जाते. ड्रेसिंगची ट्रॉली, आंघोळीचे टेबल, शॉवरचे हँडल, गादीच्या शिवणी: बर्न्स वॉर्डात ती इथेच राहते. या रुग्णाचे ड्रेसिंग यादीत सर्वांत शेवटी.

जखमेत काळे डाग पडलेत, पण रक्तात काही नाही.

तंतूवाल्या बुरशीची शंका घ्या. जखम अचानक तपकिरी-काळी होणे, कडेच्या चांगल्या कातडीखाली रक्त साकळणे, मृत कातडी फार लवकर सुटणे ही चिन्हे. आग विझवायला मातीत लोळलेल्या रुग्णात याचा धोका जास्त. स्वॅब पुरत नाही. खालच्या जिवंत ऊतीसकट तुकडा काढून निम्मा हिस्टोपॅथॉलॉजीला फॉर्मेलिनमध्ये आणि निम्मा कल्चरला सलाइनमध्ये पाठवा. फॉर्मेलिनमध्ये टाकलेल्या तुकड्यातून काही उगवत नाही. उपचार म्हणजे त्याच दिवशी निरोगी ऊतीपर्यंत कापून काढणे, गरज पडली तर पुन्हा पुन्हा. म्युकरसाठी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन किलोमागे ५ ते १० मिग्रॅ, ॲस्परजिलससाठी व्होरिकोनॅझोल. फ्युसेरियम मात्र रक्तातही उगवते.

संसर्ग चालू असताना ग्राफ्टिंगचे ऑपरेशन थांबवायचे का?

मृत कातडी काढणे थांबवू नये. तीच संसर्गाचे घर आहे. स्लोव्हेनियातल्या मारिबोरच्या झोरा यान्झेकोविच यांनी १९७० मध्ये लवकर थर कापून झाकण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून भाजलेल्यांच्या उपचाराची दिशाच बदलली. थांबायचे असेल ते रुग्णाची स्वतःची त्वचा लावण्यासाठी, कारण संसर्गात ती टिकत नाही आणि देणारी जागा वाया जाते. तोवर जखम दात्याच्या त्वचेने झाकता येते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत.

लहान मुलांचे डोस?

मायकाफंजिन किलोमागे २ मिग्रॅ, कमाल १०० मिग्रॅ. फ्लुकोनॅझोल किलोमागे १२ मिग्रॅ. कॅस्पोफंजिन मात्र शरीराच्या क्षेत्रफळावर: पहिल्या दिवशी चौरस मीटरला ७० मिग्रॅ, नंतर ५०, कमाल ७० मिग्रॅ. उंची ८५ सेंमी आणि वजन १२ किलो असेल तर दोन्हींचा गुणाकार १०२०, भागिले ३६००, त्याचे वर्गमूळ ०.५३. म्हणजे पहिला डोस ३७ मिग्रॅ, पुढचे २७ मिग्रॅ. वजन भाजण्याआधीचे घ्या. सुजलेल्या मुलाचे आजचे वजन फसवे असते.

आधीच सगळ्यांना बुरशीविरोधी औषध देऊन ठेवले तर?

सरसकट नको. त्याने फ्लुकोनॅझोलला न जुमानणाऱ्या जाती निवडून निवडून वाढतात. मृत कातडी लवकर काढणे, पहिल्या दिवसापासून नळीने फीड, शिरेतले पोषण टाळणे, अँटिबायोटिक वेळेवर बंद करणे, आणि 'आज ही लाइन खरोखर हवी का' हे रोज राउंडला विचारणे यांचा उपयोग जास्त आहे. सिल्व्हर सल्फाडायझिन किंवा निस्टॅटिन जखमेवर लावल्याने रक्तातला संसर्ग बरा होत नाही.

आम्ही नातेवाईक आहोत. हे आम्हाला लागेल का? घरचे अन्न चालेल का?

धडधाकट माणसाला यापासून आजार होत नाही. पण तुमच्या हातावरून ते शेजारच्या खाटेवर जाऊ शकते. आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवा, गाऊन घाला, दुसऱ्या रुग्णाला हात लावू नका. घरचा डबा डॉक्टरांना विचारून आणा. ताजे, शिजवलेले अन्न बहुधा चालते आणि प्रथिने भरपूर लागतात. जखमेवर हळद, राख, तेल असे काहीही लावू नका.

आमचा माणूस वाचेल का?

हा संसर्ग गंभीर आहे. कँडिडेमिया झालेल्या प्रौढांपैकी साधारण तिघांमागे एकाहून अधिक दगावतात, आणि मोठ्या भाजण्यात धोका आणखी वाढतो. वय, भाजल्याचे प्रमाण, औषध किती लवकर सुरू झाले आणि लाइन किती लवकर निघाली यावर बरेच अवलंबून असते. डॉक्टरांना रोज दोन गोष्टी विचारा: कल्चर साफ झाले का, आणि किती कातडी काढायची राहिली. त्यावरून दिशा कळते.

औषधे फार महाग आहेत. काही सोय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरचे उपचार येतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि बुरशीविरोधी औषध पॅकेजमध्ये धरले आहे का ते स्पष्ट विचारा. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. स्वस्त पर्याय निवडता येतो, पण मध्येच तुटलेला कोर्स सावरणे फार अवघड जाते.

घरी सोडल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचे?

नजर धूसर होणे, डोळ्यापुढे ठिपके तरंगणे, पुन्हा ताप येणे, आणि पाठदुखी. शेवटची गोष्ट लोक सोडून देतात. मणक्यातला कँडिडा संसर्ग रक्त साफ झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही उघडकीस येतो, आणि इतके दिवस झोपून काढल्यामुळे दुखत असेल असे वाटून जाते. रात्री वाढणारी, एकाच जागी दाबल्यावर दुखणारी पाठ असेल तर सुट्टीचा कागद आणि कल्चरचे रिपोर्ट घेऊन परत या, आणि रक्तात कँडिडा झाली होती हे तपासणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. एमआरआय करायचा की नाही ते त्यावरून ठरते.